दहात तीन बर्फाचे

एल्डर ब्रिजच्या लोकांना रोवेना टिलमनचा राग कधीपासून यायला लागला, असं विचारलंत तर बहुतेकजण त्या फेब्रुवारीतल्या मंगळवाराचं नाव घेतील. आदल्या संध्याकाळी ती टीव्हीवर नकाशासमोर उभी राहून म्हणाली होती, "उद्या पहाटे बर्फ पडण्याची शक्यता दहात सहा." तिचं बोलणं संपायच्या आत अर्धं गाव दुकानाकडे पळालं. आमच्या अलाबामात बर्फाचं नाव निघालं की माणसं दूध आणि पाव आणायला धावतात. का धावतात ते कुणालाच सांगता येत नाही. ज्यांच्या घरात दूध कुणी तोंडाला लावत नाही, तेही दोन्ही हातांत कॅन घेऊन बाहेर पडतात. शाळा बंद झाल्या, कोर्टाला कुलूप लागलं, चर्चमधलं जेवण पुढे ढकललं गेलं. आणि मंगळवार उजाडला तो इतका लख्ख, की दुपारी लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून अंगणात मांस भाजत बसले.

बुधवारी सकाळी टीव्ही चॅनेलच्या दारात कुणीतरी पावांचा ढीग रचून ठेवला होता. रोवेनाने गाडीतून उतरून तो पाहिला, वाट काढत पुढे गेली आणि शिपायाला म्हणाली, "कोंबडीवाल्या पार्करला फोन कर. त्याच्या कोंबड्या खातील."

खरा मार पडत होता तो तिच्या नवऱ्याला. हर्शेलचं केस कापायचं दुकान भर चौकात. गावातली सगळी टिंगल आधी त्याच्या खुर्चीत येऊन बसायची.

"हर्शेल, बायकोला विचार की, या महिन्यात माझे केस वाढतील का?"

"दहात सहा," हर्शेल म्हणायचा. "आणि वस्तरा माझ्या हातात आहे, तेवढं लक्षात ठेव."

चॅनेलचा मॅनेजर ग्रेडी मॅक्लेन्डन. रोवेनाने हायस्कुलात सतरा वर्षं बीजगणित शिकवलं, त्यातली दोन वर्षं ग्रेडी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर होता. आता तो तिचा साहेब होता, पण तिला 'मिस रोवेना' म्हणायचं काही त्याला सोडता आलं नव्हतं.

"दोनच वाक्यं, मिस रोवेना," तो म्हणाला. "चूक झाली, माफ करा. लोक आठवड्यात विसरून जातील."

"चूक कुठली?"

"बर्फ पडला नाही ना."

"मी दहात सहा म्हणाले होते. उरलेले चार कुठे जातात असं तुला वाटतं, ग्रेडी? रजेवर?"

"लोकांना ते चार ऐकू येत नाहीत."

"तुलाही येत नव्हते. अपूर्णांकांत तू तेव्हाही कच्चाच होतास."

त्या संध्याकाळी ती कॅमेऱ्यासमोर आली आणि म्हणाली, "काल बर्फ पडला नाही. मी दहात सहा म्हटलं होतं, निकाल चाराच्या बाजूने लागला. पुन्हा तसंच आभाळ दिसलं, तर पुन्हा सहाच सांगेन. आता उद्याचं हवामान." पडद्यामागे ग्रेडीने डोक्याला हात लावला.

ती अशी अचानक अडून बसली असं कुणी समजू नये. या चॅनेलवर ती आली तेव्हा तिला एक पिवळा कागदी सूर्य दिला होता, हसऱ्या तोंडाचा, आणि तो नकाशावर चिकटवून स्वतःही तसंच हसायचं, एवढंच काम होतं. अंदाज बातम्यांमधले पुरुष लिहून द्यायचे. रोवेना दिवसा शाळेत शिकवायची, संध्याकाळी सूर्य चिकटवायची. चाळिशी उलटल्यावर तिने शेजारच्या मिसिसिपीतल्या एका विद्यापीठाचा हवामानशास्त्राचा अभ्यासक्रम टपालाने मागवला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला घेवड्याच्या शेंगा सोलायच्या आणि दुसऱ्या बाजूला हवेच्या दाबाची गणितं सोडवायची, असं चाललं. पास झाल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर तो हसरा सूर्य कचऱ्याच्या डब्यात टाकला. "यापुढे मी जे बोलेन ते माझं मी काढलेलं असेल," असं तिने तेव्हाच्या मालकाला सांगितलं होतं. मालक मेला, ग्रेडी आला, पण ते वाक्य तिच्या बाजूने अजून चालू होतं.

माफी मिळाली नाही म्हणून ग्रेडीने वेगळी वाट काढली. गाड्या विकणारा बड फिंचर हवामानाच्या बातम्यांचा जाहिरातदार होता. दोघांनी मिळून एक कार्यक्रम बसवला, नाव 'हो की नाही'. एक फळी होती, एका अंगाला हिरव्या अक्षरांत 'हो', दुसऱ्या अंगाला लाल 'नाही'. उद्या पाऊस पडणार का? रोवेनाने फळी फिरवायची. लोकांना ते फार आवडलं. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज दुपारी गडगडतंच, त्यामुळे तिनेही दोन वर्षं निमूटपणे फळी फिरवली. त्या दोन्ही हिवाळ्यांत बर्फाचा प्रश्न आलाच नाही.

तिसऱ्या जानेवारीत तो आला.

आमच्याकडच्या बर्फाचं दुखणं असं, की तो तापमानाच्या एका अंशावर अडतो. थंड कोरडी हवा टेनेसीच्या डोंगरांवरून खाली उतरते, ओल मेक्सिकोच्या आखातातून वर चढते, आणि त्या दोघींची गाठ नेमकी कुठे पडेल हे त्यांनाही माहीत नसतं. पन्नास मैल दक्षिणेला पडली तर आमच्याकडे नुसतं ढगाळ, उत्तरेला पडली तर नुसता थंड पाऊस. आमच्या डोक्यावर पडली तरच बर्फ. दिवसभर रोवेना पडद्यावरचे नकाशे एकावर एक ठेवून पाहत राहिली. बऱ्याच नकाशांत पाऊसच होता. काहींत बर्फ होता. जमीन मात्र गेले काही दिवस गारठून दगड झाली होती. संध्याकाळी तिने आकडा काढला: दहात तीन.

"झालं तर मग," ग्रेडी म्हणाला. "लाल फळी. 'नाही'."

"तीन म्हणजे नाही नव्हे."

"निम्म्याहून कमी आहे. एवढं अपूर्णांकांतलं मलाही कळतं, मिस रोवेना."

"पुलाचा कठडा दहात तीन वेळा तुटतो असं कळलं, तर तू पोरांना त्याला टेकून उभं करशील?"

ग्रेडीने खिडकीबाहेर पाहिलं. "फिंचर साहेब आज स्वतः बघणार आहेत. एक शब्द बोला. फक्त एक."

तेवढ्यात शाळांचे मुख्य अधिकारी डॉक्टर लमार ओडम यांचा फोन आला. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा उघडायच्या की नाही ते हेच ठरवायचे.

"रोवेना, आकडा नको मला. उद्या शाळा भरवू की नको?"

"ते तुम्ही ठरवायचं."

"मागच्या खेपेला तुझं ऐकलं आणि पालकांनी माझी सालटी काढली."

"मागच्या खेपेला सहा होते, आज तीन आहेत. पण तेव्हा पहाटे पडणार होता, मुलं अंथरुणात असताना. उद्या पडला तर दुपारी पडेल, रस्त्यावर बस असताना."

"म्हणजे बंद ठेवू?"

"माझ्या हातात असतं तर मी ठेवली असती."

"आणि पडला नाही तर?"

"न पडण्याचीच शक्यता जास्त आहे."

ओडम म्हणाले, "तू माणसाला वेड लावशील," आणि फोन ठेवला.

कार्यक्रम सुरू झाला. रोवेनाने फळी उचलली, पालथी करून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे पाहिलं. "या प्रश्नाला ही फळी पुरत नाही," ती म्हणाली. "उद्या दुपारी बर्फाची शक्यता दहात तीन. बहुतेक पडणार नाही. पण पडला तर गोठलेल्या रस्त्यांवर पडेल आणि शाळा सुटायच्या वेळी पडेल. माझी नातवंडं इथे राहत असती, तर मी त्यांना उद्या घरी ठेवलं असतं. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा." ग्रेडी कॅमेऱ्यामागून हातवारे करत होता. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की शेवटच्या बाकावरचं पोर गप्प बसावं तसा तो बसला.

शाळा भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळभर पाऊस होता, बारीक, कंटाळवाणा. ग्रेडी दोनदा तिच्या खोलीत डोकावून गेला, चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान होतं. रोवेना खिडकीजवळ उभी होती. जेवणाच्या सुमारास गाड्यांच्या टपांवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज बदलला. आधी तांदूळ सांडल्यासारखा तडतडाट, आणि मग एकदम काहीच आवाज नाही. आवाज थांबला तेव्हाच तिला कळलं. तिने वर पाहिलं तर आभाळ पांढरं होऊन खाली येत होतं.

ती अंधार पडून गेल्यावरही कॅमेऱ्यासमोरून हलली नाही. ओडमनी घाईघाईने शाळा सोडल्या, आणि तीच मोठी फजिती झाली. शाळा, कचेऱ्या, कारखाने, सगळे एकाच वेळी रस्त्यावर आले. टायरांखाली बर्फ वितळला, लगेच गोठला आणि रस्त्यांची काच झाली. आमच्याकडे ना बर्फ ओढणारी यंत्रं, ना रस्त्यावर टाकायला पुरेसं मीठ. ट्रक आडवे झाले. शेकडो मुलं त्या रात्री शाळेतच व्यायामाच्या गाद्यांवर झोपली. मास्तरणींनी कोठारातली मक्याची पेज शिजवून वाढली.

पिझ्गा टेकडीवर शाळेची एक बस घसरून चरात गेली आणि पाइनच्या झाडाला टेकून राहिली. चालवणारी क्लॉडेट बायर्ड. तिने सगळ्या मुलांना मागच्या दारातून उतरवलं, एकमेकांचे हात धरायला लावले आणि चर्चपर्यंत चालवत नेलं. एका मुलीच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं, तिला क्लॉडेटने उचलून घेतलं होतं. जिल्ह्यात त्या दिवशी जीव कुणाचा गेला नाही. नशीबच म्हणायचं.

बर्फ दोन दिवसांत वितळला, आणि रोवेना रातोरात देवी झाली. हर्शेलच्या खुर्चीत बसणारी तीच माणसं आता म्हणू लागली, "तुझ्या बायकोला सगळं आधीच दिसतं बुवा."

"तसं असतं तर तिने माझ्याशी लग्न केलं असतं का?" हर्शेल म्हणायचा आणि कात्री चालवत राहायचा.

ग्रेडीने वेळ घालवला नाही. हमरस्त्याच्या कडेला भलामोठा फलक लागला. त्यावर रोवेनाचा फोटो, मागे बर्फ, आणि खाली घराएवढ्या अक्षरांत: 'रोवेनाला माहीत होतं.'

फलक लागला त्या शनिवारी क्लॉडेट तिच्या घरी आली. बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली, कोट न काढता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"रस्त्यावर लिहिलंय."

"ते खोटं लिहिलंय. मी त्यांना काढायला सांगितलंय."

"ती पोर दोन तास माझ्या मांडीवर रडत होती, मिस रोवेना. नऊ वर्षांची आहे. मी तिला गाणी म्हणून दाखवली, मला गाता येत नाही. तेव्हा मी कुणाला शिव्या द्यायच्या ते सांगा." ती आणखी पुढे आली. "तुमचे ते तीन म्हणजे पळवाट आहे. पडला तरी तुम्ही खऱ्या, नाही पडला तरी खऱ्या. सरळ 'हो' म्हणाला असता, तर ओडम साहेबांनी शाळा बंद ठेवल्या असत्या."

हे रोवेनाने आधी अनेकांकडून ऐकलं होतं आणि अनेकांना उडवून लावलं होतं. या वेळी तिने खुर्ची ओढून दिली, ती क्लॉडेटने घेतली नाही.

"म्हणजे मी खोटं बोलायला हवं होतं," रोवेना म्हणाली.

"हो. त्या दिवशी तरी."

"बरं. बोलले असते. बर्फ पडला नसता, तो बहुतेक पडणारच नव्हता. मग पुढच्या खेपेला तू माझं 'हो' ऐकलं असतंस?"

क्लॉडेट कोटाची गुंडी फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही नातवंडांचं म्हणालात ना, ते मी ऐकलं होतं. जेवत होतो आम्ही. ऐकून मी हसले."

त्यानंतर ती बसली. रोवेनाने कॉफी ओतली. टेबलावर पेकानची, अक्रोडासारख्या फळांची, टोपली होती, हर्शेलने फोडून ठेवलेली. रोवेनाने त्यातले दहा गर काढून क्लॉडेटसमोर मांडले.

"समज, यातले तीन कडू आहेत. कुठले ते मला ठाऊक नाही. डोळे मिटून नातवाला एक देशील?"

"देईन की. थुंकेल फार तर."

"आणि तीन विषारी असतील तर?"

क्लॉडेटचा हात पुढे आला होता, तो तिने मागे घेतला.

"आकडा दोन्ही वेळा तोच," रोवेना म्हणाली. "आकडा मी काढते. कडू की विषारी, ते मला इथे बसून कळत नाही. ते तुला कळतं. पिझ्गा टेकडी तू चढतेस."

"मग ओडम साहेब का ठरवतात?"

"ते मला विचारू नकोस. त्यांना विचार."

निघताना क्लॉडेटने विचारलं, की बसच्या आगारात शुक्रवारी सगळे ड्रायव्हर जमतात, तिथे येऊन हे पुन्हा सांगाल का. टोपली घेऊन या म्हणजे झालं.

सोमवारी फलक तसाच होता. ग्रेडी म्हणाला, "लोक पहिल्यांदाच तुमच्यावर खूश आहेत, मिस रोवेना. जरा खुशीत राहू द्या त्यांना. तुम्हीही राहा."

"ज्या दिवशी त्यांनी दारात पाव रचले त्या दिवशी मी चुकले नव्हते. आणि आज बरोबर ठरले असंही नाही. तू माझा फोटो लावलास त्याचं मला काही नाही, पण खाली जे लिहिलंस त्यामुळे पुढच्या वेळी मी तीन म्हटलं की लोक 'हो' ऐकतील. मग पुन्हा पाव."

"फलक राहील," ग्रेडी म्हणाला. साहेबासारखं बोलायला त्याला पहिल्यांदाच जमलं होतं.

संध्याकाळी ती नकाशासमोर आली. "हमरस्त्यावर माझा फोटो आहे," ती म्हणाली. "त्याखाली लिहिलेलं खरं नाही. मला माहीत नव्हतं. बर्फ पडणार नाही याचीच शक्यता मला जास्त वाटत होती, आणि तसं मी तुम्हाला सांगितलं होतं. मला शाबासकी नको. आकडा नीट ऐका, तेवढं पुरे. उद्या ऊन आहे, दहात नऊ."

फलक आठवड्याभरात उतरला. जून महिन्यात तिचा करार संपला तो चॅनेलने पुन्हा केला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. हर्शेलने दुकानाच्या खिडकीत पाटी लावली, 'हवामान आता आत मिळेल', आणि रोवेनाने ती काढायला लावली. हेमंतात गावच्या छोट्या रेडिओवर तिला सकाळची वेळ मिळाली. तिथे भक्तिगीतं लागत, गुरांचे भाव सांगत, आणि मधे पाच मिनिटं रोवेना. फळी नव्हती, फोटो नव्हता. रेडिओच्या म्हाताऱ्या मालकाची एकच अट होती, शब्द स्वच्छ उच्चारायचे.

आगारातल्या शुक्रवारच्या बैठका चालू राहिल्या. ड्रायव्हर बहुतेक बायकाच होत्या आणि वाद घालण्यात कुणी कमी नव्हती. कुठला रस्ता सावलीत आहे, कुठल्या पुलाखालून वारा लागतो, कुठे बस वळवायला जागा नाही, हे त्या रोवेनाला सांगायच्या. तिला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी आपापसांत ठरवलं: तीन किंवा वर गेलं, तर पिझ्गा आणि तिच्यासारख्या चढांवर बस जाणार नाही. ओडमना तसं कळवलं. ते म्हणाले, असं ठरवायचा ड्रायव्हरांना अधिकार नाही. क्लॉडेट म्हणाली, अधिकार नसेल, पाय तर आहेत, ते ब्रेकवर असतात.

पुढच्या जानेवारीत एका सकाळी रोवेनाने रेडिओवर तीन सांगितला. दहा वाजेपर्यंत आभाळ फाटलं आणि ऊन आलं. मऊ, पिवळं, एप्रिलसारखं.

रोवेना गाडी काढून आगारात गेली. घरी बसून राहणं तिला बरं वाटलं नसतं. तीन बस रांगेत उभ्या होत्या, बायका पायऱ्यांवर बसून कॉफी पीत होत्या. कचेरीतला फोन सारखा वाजत होता. टेकडीवरचे पालक होते, कामाला दांडी पडली म्हणून चिडलेले. एकीने तो उचलून हातभर लांब धरला होता.

ओडमची गाडी फाटकातून आत आली. ते उतरले, उन्हाकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, मग रोवेनाकडे.

"बोल," ते म्हणाले. "आता तरी बोल काहीतरी."

"ऊन पडलंय," रोवेना म्हणाली.

"ते मला दिसतंय. साठ मुलं घरी बसलीत."

"साठ मुलं घरी बसलीत," क्लॉडेट उठत म्हणाली, "आणि सगळ्यांची हाडं जागेवर आहेत. पुन्हा तीन आला तर पुन्हा बस नाही काढणार, साहेब. आजच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा फोन करायला नको."

"मी तुम्हाला सगळ्यांना कामावरून काढू शकतो."

"काढा. चाव्या त्या तिथे खिळ्याला आहेत. पण मग पिझ्गा तुम्ही चढवा. गोठलेल्या दिवशी एकदा चढवून बघा, मग बोलू."

ओडमनी चाव्यांकडे पाहिलं. रोवेनाला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. ती एक पाऊल पुढे झाली, क्लॉडेटच्या शेजारी, आणि तिथेच उभी राहिली. ओडमनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "उद्याचा आकडा किती?"

"एक," रोवेना म्हणाली. "दहात एक."

"तेवढ्याला बस काढता ना?"

"एकाला काढतो," क्लॉडेट म्हणाली. "तेवढं आमच्यात ठरलंय."

फोन पुन्हा वाजायला लागला. या खेपेला ओडम स्वतः आत गेले आणि त्यांनी तो उचलला.